रिपोर्ट नॉर्मल होते, मग अटॅक आला कसा?

हा प्रश्न मला गेल्या वर्षी एका नाखव्यांनी विचारला. आयसीयूतून घरी येऊन त्यांना आठ दिवस झाले होते. तारोडीच्या आमच्या दवाखान्यात समोरच्या खुर्चीवर हळूच बसले, प्लास्टिकच्या पिशवीतून एक जाडजूड फाईल काढली आणि टेबलावर ठेवली. म्हणाले, "डॉक्टर, ही तुम्हीच बघितली होती ना? सगळं नॉर्मल होतं ना?"

होतं. मीच बघितली होती, जून महिन्यात, मासेमारी बंदी सुरू झाल्यावर. उत्तनच्या बोटी किनाऱ्याला लागल्या की पुढचे दोन महिने आमच्याकडे गर्दी असते. वर्षभर अंगावर काढलेला खोकला, गुडघा, मूळव्याध, सगळं तेव्हा बाहेर येतं. हे नाखवा वय वर्षे ४७. शहरातून 'फुल बॉडी चेकअप'चं पॅकेज करून आले होते. ईसीजी नॉर्मल, टू-डी इको नॉर्मल, स्ट्रेस टेस्ट निगेटिव्ह. फाईलच्या मागच्या पानांवर मात्र थोडं वेगळं होतं. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.२. एलडीएल कोलेस्टेरॉल १३८. ट्रायग्लिसराइड २१०. मी मोजलेलं बीपी १४८/९४. शर्टाच्या खिशात तंबाखूची पुडी.

मी म्हणालो, "हृदय ठीक दिसतंय. पण बीपी वर आहे, साखर काठावर आहे, तंबाखू सोडा, पंधरा दिवसांनी परत या." त्यांनी पहिलं वाक्य ऐकलं. पुढचं ऐकलं नाही. आणि खरं सांगायचं तर ते ऐकत नाहीत हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बाहेर वीस पेशंट बसले होते, मी पुढचा नंबर बोलावला. ते परत आले नाहीत. नारळी पौर्णिमेला नारळ सोडून बोट दर्यात गेली आणि दुसऱ्याच फेरीत, किनाऱ्यापासून खूप लांब असताना, पहाटे जाळं ओढताना छातीत दुखायला लागलं. बोट परत यायला अकरा तास लागले. जीव वाचला, पण हृदयाचा एक मोठा भाग गेला तो गेलाच.

त्यांच्या प्रश्नाला त्या दिवशी मी जे उत्तर दिलं ते अर्धवट होतं. पूर्ण उत्तर आज लिहितोय, कारण हाच प्रश्न वेगवेगळ्या फाईली घेऊन माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो. तुमच्याही घरात अशी एखादी फाईल असेल.

सुरुवात आमच्या, म्हणजे डॉक्टरांच्या, एका चुकीपासून करतो. पेशंटला समजावताना आम्ही नेहमी पाइपचं उदाहरण देतो. रक्तवाहिनी म्हणजे पाइप, त्यात चरबीचा कचरा साचला, पाइप चोंदला, अटॅक आला. ऐकायला सोपं, पण या उदाहरणाने फार नुकसान केलं आहे. लोकांना वाटतं, पाइप चोंदला नाही ना, मग काळजी नाही. आणि चोंदलाच तर साफ करायचं औषध कुठेतरी मिळत असणार.

रक्तवाहिनी पाइपसारखी निर्जीव नाही. तिच्या आतल्या बाजूला, रक्ताला चिकटून, पेशींचा एक थर असतो. फक्त एका पेशीच्या जाडीचा. त्याला एंडोथेलियम म्हणतात. आपण अस्तर म्हणू. हृदयापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत, मेंदूपासून किडनीपर्यंत, जिथे जिथे रक्त जातं तिथे तिथे हे अस्तर पसरलेलं आहे.

आमच्या भागातल्या जुन्या लोकांना मी हे मिठागरावरून सांगतो. भाईंदर, राई, मुर्धा या बाजूला ज्यांनी मिठागरात काम केलंय त्यांना ठाऊक आहे की हंगामाआधी खाचराचा तळ पायांनी तुडवून, चोपून घट्ट गुळगुळीत करावा लागतो. तळ नीट असेल तर मीठ पांढरंशुभ्र हाताला लागतं. तळ उखडला तर मिठात चिखल येतो. वरून पाणी सारखंच दिसतं. सगळी करामत न दिसणाऱ्या तळाची. रक्तवाहिनीचंही पुष्कळसं तसंच आहे, फक्त एक मोठा फरक आहे. मिठागराचा तळ गप्प पडून असतो. रक्तवाहिनीचं अस्तर काम करतं, दिवसरात्र.

हे काम कळायला शास्त्रज्ञांनाही उशीर झाला. बराच काळ त्यांनाही हे अस्तर म्हणजे आतून लावलेला एक पातळ कागद वाटायचा. न्यूयॉर्कमधले रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या छोट्या तुकड्यांवर प्रयोग करत होते. एक ठरावीक रसायन टाकलं की धमनीचा तुकडा कधी सैल पडायचा, कधी उलट आवळायचा. तेच रसायन, तीच धमनी, मग असं का? शेवटी उलगडा झाला. ज्या तुकड्यांची आतली बाजू हाताळताना घासली गेली होती, म्हणजे अस्तर खरवडलं गेलं होतं, ते सैल पडत नव्हते. अस्तर शाबूत असलेले तुकडे सैल पडत होते. म्हणजे धमनीला 'सैल हो' असा निरोप अस्तर देत होतं. हे त्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलं. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साईड नावाचा एक साधा वायू आहे हे पुढे कळलं, आणि १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना मिळालं.

यात एक गंमत आहे. अंजायनाच्या पेशंटला आपण जिभेखाली जी गोळी ठेवायला देतो, ती याच वायूच्या मार्गाने काम करते. त्याच जातीचं सगळ्यात जुनं औषध नायट्रोग्लिसरीन. आणि नायट्रोग्लिसरीनपासूनच आल्फ्रेड नोबेलने डायनामाइट बनवून पैसा कमावला. शेवटच्या वर्षांत त्याला हृदयविकार झाला तेव्हा डॉक्टरांनी त्याला हेच औषध सांगितलं होतं.

असो. तर हे अस्तर नायट्रिक ऑक्साईड बनवतं तोवर काय होतं? धमनी गरजेनुसार रुंद होते. तुम्ही जिना चढलात, हृदयाला जास्त रक्त हवंय, वाट मोकळी होते. रक्तातल्या प्लेटलेट भिंतीला चिकटत नाहीत, त्यामुळे नको तिथे गुठळी होत नाही. पांढऱ्या पेशी आणि कोलेस्टेरॉल भिंतीत सहज घुसत नाहीत. अस्तर आजारी पडलं की ही तिन्ही कामं एकदम बिघडतात. एलडीएलचे कण अस्तराखाली सरकतात, तिथे खराब होतात, त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, चरबी गिळून गिळून फुगतात आणि तिथेच अडकतात. वर्षानुवर्षं हे चालतं. भिंतीच्या आत एक मऊ गळू तयार होतं म्हणा ना. वर पातळ टोपण, आत चिकट चरबी.

आता लक्ष द्या, फाईलचं उत्तर इथे आहे. हे गळू बराच काळ भिंतीच्या आतल्या आत वाढतं, रक्ताची वाट फारशी अडवत नाही. स्ट्रेस टेस्टमध्ये दोष दिसायचा तर साधारणपणे धमनी ७० टक्क्यांच्या आसपास अरुंद झालेली असावी लागते. ३०-४० टक्के अडथळा असलेला माणूस ट्रेडमिलवर मजेत पळून येतो. रिपोर्ट येतो निगेटिव्ह, आणि तो खोटा नसतो. त्या दिवशी, त्या मेहनतीला, हृदयाला रक्त पुरत होतं एवढंच तो सांगतो. पण त्या गळवाचं टोपण फाटलं तर? आतली चरबी रक्ताला लागते, काही मिनिटांत गुठळी होते आणि ४० टक्क्यांचा अडथळा १०० टक्के होतो. बरेच अटॅक असे येतात.

आमच्या नाखव्यांचं असंच झालं असणार. स्ट्रेस टेस्ट बरोबर होती. आजार मागच्या पानांवर लिहिलेला होता, जिथे प्रत्येक आकड्यापुढे फक्त एक छोटा बाण होता. एकही आकडा घाबरवणारा नव्हता. पण चार-पाच छोटे बाण एकत्र आले की अस्तर चारी बाजूंनी खरवडलं जातं. मी तेव्हा 'हृदय ठीक दिसतंय' हे वाक्य आधी बोललो. ते शेवटी बोलायला हवं होतं, किंवा बोलायलाच नको होतं.

"पण डॉक्टर, ४७ हे काय वय आहे?" हेही त्यांनी विचारलं. दुर्दैवाने आपल्याकडे आहे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या मोठ्या अभ्यासातली माहिती घेऊन नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. भारत आणि शेजारच्या देशांत पहिला अटॅक येण्याचं सरासरी वय निघालं ५३. इतर देशांत जवळपास ५९. म्हणजे सहा वर्षं आधी. लोक लगेच म्हणतात, आपलं रक्तच तसं, खानदानी आहे. पण या निबंधातली खरी गोष्ट पुढे आहे. तंबाखू, बीपी, डायबिटीस, कोलेस्टेरॉलचं प्रमाण, पोटाचा घेर, ताण, फळंभाज्या, व्यायाम, दारू अशा नेहमीच्या नऊ गोष्टींचा हिशोब मांडला, तर आपल्या आणि इतरांच्या वयातला हा फरक जवळजवळ पुसला जातो. आपल्याला अटॅक लवकर येतो कारण हे त्रास आपल्याला लवकर लागतात. मला हा निबंध दिलासा देणारा वाटतो. रक्त बदलता येत नाही. पुडी फेकता येते.

तंबाखूपासूनच सुरू करू. अस्तराचा पहिल्या नंबरचा शत्रू. सिगारेट-बिडीचा धूर नायट्रिक ऑक्साईड तयार होतो न होतो तोच नष्ट करतो, प्लेटलेट चिकट करतो. हे पुरुषांना ठाऊक असतं, निदान ऐकलेलं असतं. पण "मी ओढत नाही, नुसती मळून खातो" असं म्हणणारे जास्त. इंटरहार्टमध्येच दिसलं की नुसती तंबाखू चघळणाऱ्यांनाही अटॅकचा धोका न खाणाऱ्यांच्या साधारण दुप्पट होता.

आणि बायकांचं काय? मी विचारतो, "ताई, तंबाखू?" "छे छे डॉक्टर!" मग विचारतो, "मशेरी?" "ती तर दात घासायला." तव्यावर भाजून काळी केलेली ती तंबाखूच आहे. सकाळी, जेवणानंतर, दुपारी बाजारातून आल्यावर, रात्री झोपताना. दिवसातून चारदा हिरड्यांतून निकोटीन रक्तात जातं. आमच्या किनाऱ्यावर पहाटे टोपली घेऊन निघणाऱ्या बाईला मशेरीशिवाय भूक आवरत नाही, झोप जात नाही, हे मला समजतं. म्हणून मी रागवत नाही. पण केसपेपरवर 'तंबाखू: नाही' असंही आता लिहीत नाही. मशेरी हा वेगळा प्रश्न विचारायला लागल्यापासून माझ्या दवाखान्यातल्या 'तंबाखू न खाणाऱ्या' बायकांची संख्या बरीच कमी झाली आहे. सोडल्याचा फायदा किती? सिगारेट सोडल्यावर एका वर्षात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्म्याने उतरतो. जगातल्या कुठल्याही गोळीचं एवढं कौतुक मी करणार नाही.

दुसरं बीपी, आणि त्याच्या मागे मीठ. मिठागराच्या शेजारी राहून मिठाविरुद्ध बोलणं जरा विचित्र वाटतं, पण बोलायला हवं. जास्त दाबाने वाहणारं रक्त अस्तराला सतत मारत राहतं. जिथे धमनीला फाटा फुटतो किंवा वळण येतं, तिथे प्रवाह आधीच गढुळलेला असतो, तिथे हा मार जास्त बसतो. गळवं नेमकी अशाच ठिकाणी जास्त सापडतात. शिवाय जास्त मिठाने, बीपी वाढायच्या आधीसुद्धा, अस्तराची धमनी सैल करण्याची ताकद कमी होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट एक चमचा, सगळं धरून. आपल्यापैकी बहुतेकजण याच्या बरंच पुढे असतो.

सुक्या मासळीबद्दल मला फार विचारलं जातं, म्हणून सविस्तर सांगतो. सगळं सुकं सारखं नाही. उत्तनच्या किनाऱ्यावर वलांडीवर उन्हात टांगून जे बोंबील सुकवतात त्यांना सहसा मीठ लावत नाहीत. जवळाही बहुतेक नुसता उन्हात वाळवलेला असतो. ते धुऊन, भाजून, बेताने खा, माझी तक्रार नाही. पण खारवलेली सुरमई, खारा बांगडा, ज्यात मासा मिठात पुरून ठेवलेला असतो, ती गोष्ट वेगळी. ती खायचीच असेल तर तुकडे तास-दोन तास पाण्यात भिजवा, पाणी टाका, पुन्हा धुवा, आणि कालवणात वरून मीठ घालू नका. बीपी असलेल्याने तेही महिन्यातून एखाद्या वेळी. आणि बंदीच्या दोन महिन्यांत ताजी मासळी नसते म्हणून रोज खारं, लोणचं, पापड आणि पेज, हे गणित बघा. माझ्याकडे जून-जुलैत बीपी वाढलेले पेशंट जास्त दिसतात, त्यात या ताटाचा हात असावा असा माझा अंदाज आहे.

तिसरी साखर आणि पोट. "मी कुठे जाडा आहे?" हा प्रश्न इथे उपयोगाचा नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ही गोष्ट जगाला पटवली. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपण बारीक दिसतो, पण चरबी आत, पोटात, यकृताभोवती. ही चरबी साखर आणि ट्रायग्लिसराइड वाढवते, आणि जास्तीची साखर अस्तराच्या पेशींना आतून गंजवते. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप घ्या. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर कंबर गेली की साखर तपासायची, मग तुम्ही कितीही 'किरकोळ' दिसत असा.

आता एक विषय, जो दार लावून घेतल्यावरच निघतो. चाळिशी-पन्नाशीतले पुरुष खाली बघत म्हणतात, "डॉक्टर, ते आता पहिल्यासारखं होत नाही." लाजू नका, आणि मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका. त्या भागातल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात आणि पूर्णपणे याच नायट्रिक ऑक्साईडवर चालतात. अस्तर आजारी पडलं की त्रास कधी कधी तिथे आधी दिसतो, छातीत दुखायच्या काही वर्षं आधी. तुमच्या हातात आलेली ही एक लवकरची सूचना आहे. असा पेशंट आला की मी आधी बीपी, साखर, कोलेस्टेरॉल बघतो. आणि एक इशारा: सिल्डेनाफिलसारख्या त्या गोळ्या आणि जिभेखालची सॉर्बिट्रेट एकत्र झाल्या तर बीपी एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलं तर अशी गोळी घेतली असल्यास डॉक्टरांना सांगा. बायकोसमोर सांगायला लागलं तरी सांगा.

व्यायामावर नाखव्यांनी मला सुनावलं होतं. "आम्ही काय एसीत बसतो? जाळं ओढतो." बरोबर आहे, पण पूर्ण नाही. बोटीवरचं काम झटक्याचं असतं. चार तास बसून, मग वीस मिनिटं जिवाच्या आकांताने. आता तर इंजिन आहे, विंच आहे. अस्तराला हवा असतो सलग, एकसारखा, जरा वेगाचा रक्तप्रवाह. तो अस्तरावरून सरकला की पेशी जास्त नायट्रिक ऑक्साईड बनवतात. अर्धा तास भरभर चालणं, बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये इतक्या वेगाने, आठवड्यातले पाच दिवस. भाईंदरहून लोकलने नोकरीला जाणाऱ्यांनाही हेच. गाडी पकडायला धावणं हा व्यायाम नाही, तो ताण आहे.

खाण्याबद्दल थोडक्यात. पालेभाज्या आणि बीट यांतल्या नायट्रेटपासून शरीर नायट्रिक ऑक्साईड बनवू शकतं, म्हणून रोज एक पालेभाजी हवीच. ताजा मासा उत्तम, पण तळलेला नव्हे, कालवणातला. आणि लग्नाच्या जेवणासारखं एखादं तेलकट-तुपकट जेवण झालं की पुढचे काही तास अस्तर सुस्त असतं. कधीतरी चालेल. हळदी, लग्न, बारसं, सत्यनारायण मिळून आठवड्यातून तीनदा नको.

राहिले फॉरवर्ड. लसूण, आलं, लिंबू आणि ॲपल व्हिनेगर उकळून मध घातलेला काढा, 'बायपास टळला' या मथळ्याखाली दर पावसाळ्यात माझ्याही मोबाइलवर येतो. काढा प्यायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती काढा सुरू केला म्हणून बीपीची गोळी बंद करण्याला. माझे दोन पेशंट अशाने पॅरालिसिसपर्यंत पोचले. कुठलाही काढा त्या गळवाला खरवडून बाहेर काढत नाही. आणि दुसऱ्या टोकाची मंडळीही आहेत, ज्यांना काही आजार नाही तरी शेजाऱ्याचं बघून रोज इकोस्प्रिन घेतात. अस्तर ठीक असेल तर त्यातून फायद्यापेक्षा पोटात रक्तस्राव व्हायचीच भीती जास्त. विचारून घ्या. स्टॅटिनची गोळी मात्र डॉक्टरांनी दिली असेल तर 'कोलेस्टेरॉल नॉर्मल झालं' म्हणून बंद करू नका. ती गळवाचं टोपण मजबूत करते. ते नॉर्मल झालंय ते गोळीमुळेच.

अस्तराची तपासणी होते का, असं विचाराल. होते. दंडाला पाच मिनिटं पट्टा आवळून सोडतात आणि धमनी किती रुंद होते ते सोनोग्राफीवर मोजतात. पण ती संशोधनात वापरतात, रोजच्या उपचारात तिची गरज नाही. बीपी, कंबर, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखूची खरी कबुली, एवढ्यावर काम होतं.

आणि छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, जीव घाबरणं असं झालं तर 'गॅस असेल' म्हणून सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन करा, ईसीजी होईल अशा ठिकाणी पोचा. समुद्रावर असाल तर वायरलेसवर लगेच कळवा आणि बोट वळवा. आमच्या नाखव्यांनी पहिले दोन तास जाळं पूर्ण आत घेण्यात घालवले. मासा होता ना त्यात.

आता ते बोटीवर जात नाहीत. सकाळी किनाऱ्यावर चालतात, मग अंगणात बसून जाळी दुरुस्त करतात. तंबाखू सुटली आहे. बीपी १२६/७८. इकोमध्ये हृदयाची ताकद अटॅकनंतर ३५ होती, आता ४२ आहे. त्यांच्या घरच्या ताईंची मशेरी चारवरून एकवर आली आहे, ती शेवटची सकाळची एक काही केल्या सुटत नाही.

गेल्या महिन्यात ते मुलाला घेऊन आले. बावीस वर्षांचा, आता वडिलांच्या जागी बोटीवर जाणारा. अंगाने काटक. बीपी १३६/८८, कंबर ९३. मी शर्टाच्या खिशाकडे बघितलं, तर त्याने खिशावर हात ठेवला. नाखवा म्हणाले, "डॉक्टर, याचा पण चेकअप करू का, सगळ्या टेस्टवाला?" मी म्हणालो, आत्ता नको. टेबलाच्या खणातून दोनशे पानी वही काढली, पहिल्या पानावर तारीख, बीपी आणि कंबर लिहिली, आणि खिशातली पुडी मागितली. त्याने वडिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. वेळ लागला, पण दिली. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, बोट बंदरात असेल तर, त्याने यायचं ठरलंय.